वाऱ्यावर सोडलेले सेन्सर

डँडेलियन या रानफुलाचे बी आपल्याकडच्या रुईच्या म्हातारीसारखेच तरंगत दूर जाते. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की त्याच्या तंतूंमधल्या फटींतून हवा पाझरते, वर कड्यासारखा भोवरा तयार होतो आणि त्यामुळे बीचे पडणे मंदावते. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात विक्रम अय्यर, श्याम गोल्लाकोटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या बीवरून तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारा सेन्सर घडवला. मूळ बी जेमतेम १ मिलिग्रॅमचे. हा सेन्सर सुमारे ३० मिलिग्रॅमचा. नुसती नक्कल केली असती, तर तो दगडासारखा खाली आला असता. म्हणून ७५ रचना तपासल्या गेल्या, तंतूंच्या टोकांना गोल कडे जोडले गेले आणि सर्वांत जड भाग, म्हणजे बॅटरीच, काढून सौरपट्ट्या बसवल्या गेल्या. ड्रोनमधून सोडल्यावर मध्यम वाऱ्यात तो १०० मीटरपर्यंत गेला. निसर्गाकडून घेण्यासारखी आहे ती ही काटकसर; आकार त्यामागून येतो.

हवामान फुगे असताना हा खटाटोप कशाला, असे कुणी विचारेल. फुगा सुमारे ३० किलोमीटर उंची गाठतो, पण एका वेळी एकाच मार्गावरची हवा मोजतो. शेताच्या एका बांधापासून दुसऱ्यापर्यंत बदलणारा ओलावा टिपायला जागोजागी विखुरलेली उपकरणे लागतात, आणि ती हाताने मांडत बसणे वेळखाऊ असते. दुसरा आक्षेप असा, की वाऱ्यावर भिस्त ठेवली तर ताबा कसा राहणार? वॉशिंग्टन विद्यापीठातल्याच पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये घडीचे सेन्सर तयार झाले. उलगडलेले असताना ते गिरक्या खात पसरतात. ठरलेल्या उंचीवर २५ मिलिसेकंदांत घडी पडते आणि ते स्थिरपणे खाली येतात. ताबा पूर्ण नाही, पण कुठवर भरकटायचे हे काहीसे ठरवता येते.

कचऱ्याचा आक्षेप मात्र सहज झटकता येणार नाही. बी मातीत मिसळते, सर्किट मिसळत नाही. निसर्गाची काटकसर वजनापुरती नसते. वापरून झालेले परत मातीत घालणे हाही तिचाच भाग आहे. विघटन होणारे साहित्य वापरून हा हिशेब पुरा होईपर्यंत असे सेन्सर मोजक्या संख्येने, परत गोळा करता येतील अशाच ठिकाणी सोडावेत.