तक्रार कोण करणार?

वृद्धांचा छळ म्हटले, की घर नावावर करून घेऊन आईबापांना बाहेर काढणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरातला छळ बहुधा असा नसतो. तो करणारी व्यक्ती अनेकदा त्या घरात सर्वांत जास्त राबणारी असते.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००९ साली इंग्लंडमधील एक पाहणी प्रसिद्ध केली. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या २२० नातलगांना त्यांच्याच वागण्याबद्दल विचारले होते. निम्म्याहून अधिकांनी काही ना काही वाईट वागणूक कबूल केली. त्यात मुख्यतः ओरडणे आणि टाकून बोलणे होते. मारहाणीची कबुली फक्त तिघांनी दिली.

याचे मूळ आजाराच्या स्वरूपात आहे. जेवून हात धुतल्याबरोबर ‘मला उपाशी ठेवले’ म्हणणे, रात्री दोनला दार उघडून निघणे, अंघोळ घालणाऱ्या सुनेलाच चोर ठरवणे, हा हट्ट नव्हे, मेंदूतील बिघाड आहे. हे ठाऊक असूनही रोजच्या जागरणाने आवाज चढतो. पुढे सोय म्हणून बाहेरून कडी लागते. अंथरूण ओले होऊ नये म्हणून पाणी कमी दिले जाते, झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता वाढते. यांतले काहीच घरच्यांना छळ वाटत नाही. पेन्शनच्या कागदावर गुपचूप अंगठा उठवणे मात्र थकव्याच्या खात्यात टाकता येणार नाही.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. सांभाळण्याची जबाबदारी असताना वृद्धाला टाकून देणाऱ्यास त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. निर्वाहासाठी अर्ज स्वतः वृद्धाने करायचा. ते शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा संस्थेने. ज्याला कालचा दिवस आठवत नाही, तो अधिकार कोणाला आणि कसा देणार? न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकते, पण बंद दाराआडचे त्याच्यापर्यंत पोहोचवायला कोणीतरी बाहेरचे लागते.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा बाहेरचे म्हणजे आपणच: शेजारी, भाऊबंद, लांबची लेक. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पण बहुतेक घरांत आधी विचारायचा प्रश्न साधा आहे. आजोबांची चौकशी झाल्यावर सुनेला विचारावे, ‘तू रात्री किती झोपलीस?’ आणि आठवड्यातली एक रात्र आपण त्यांच्यापाशी बसावे.