ग्रहांचें पिधान व आमचें भय

एक ग्रह दुसऱ्याच्या आड येऊन त्यास झांकतो, या योगास ज्योतिःशास्त्रांत पिधान म्हणतात. सामान्य युतींत ग्रह जवळ दिसतात इतकेंच. कोणत्याही ग्रहाचें बिंब चंद्रबिंबाच्या पंचविसाव्या हिश्श्याहून मोठें दिसत नाहीं, व प्रत्येकाची कक्षा थोडीबहुत कललेली. तेव्हां दोन बिंबें नेमकीं एका रेषेंत येणें किती दुर्मिळ, हें सांगावयास नको. २८ मे १७३७ रोजीं ग्रीनिच येथें जॉन बेव्हिस या वैद्यानें शुक्राआड बुध लोपलेला दुर्बिणींतून पाहिला, ती नोंद याचसाठीं प्रसिद्ध आहे.

शुक्र गुरूच्या बिंबावरून गेला तो ३ जानेवारी १८१८ रोजीं. आमच्या एखाद्या जोशीबोवांस हा दिवस सांपडता, तर पेशवाई बुडाल्याचें खापर त्यांनीं शुक्राच्याच माथीं फोडलें असतें! परंतु शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण १७ नोव्हेंबर १८१७ रोजींच चढलें होतें. कार्य आधीं आणि कारण दीड महिन्यामागून, हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

खऱ्या पिधानाची ज्यास वार्ताही नव्हती, तोच आमचा समाज फेब्रुवारी १९६२ मध्यें अष्टग्रहीनें गांगरून गेला. त्या वेळीं सूर्य, चंद्र, पांच ग्रह व केतु मकर राशींत होते एवढेंच. आणि राशि म्हणजे आकाशाचा तीस अंशांचा ऐसपैस पट्टा. केतु तर ग्रहही नव्हे, चंद्रमार्गावरील केवळ एक छेदनबिंदु. तरी देशभर यज्ञ झाले, तूप अग्नींत ओतलें गेलें, प्रवास व मंगलकार्यें लांबणीवर पडलीं. वस्तुतः शुक्र पृथ्वीच्या अगदीं जवळ असतांही भरती उठविण्याचें त्याचें सामर्थ्य चंद्राच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतकें नाहीं. ५ फेब्रुवारीचा दिवस उजाडला व मावळला. पृथ्वी जागचे जागीं राहिली. दक्षिणा मात्र कोणी परत केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आमचे व्यापारी बंधू पैपैचा हिशेब ठेवतात. ज्यांच्या वडिलांच्या चोपड्या शाबूत असतील, त्यांनीं त्या आठवड्याचें खर्चाचें पान एकवार उघडून पाहावें.

शुक्र-गुरूचा तोच योग पुन्हां २२ नोव्हेंबर २०६५ रोजीं, म्हणजे सुमारें २४८ वर्षांनीं, येणार आहे. तो सूर्याच्या अगदीं सन्निध होणार असल्यानें अजाणत्यानें दुर्बीण तिकडे रोखणें डोळ्यांस घातक ठरेल. आज शाळेंत जाणारीं मुलें तेव्हां पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांस तें पाहण्याची रीत आतांपासून यावी म्हणून गांवोगांवच्या नगरपालिकांनीं निदान एका शाळेच्या गच्चीवर एक बरीशी दुर्बीण व ती हाताळणारा एक जाणता शिक्षक ठेवावा, अशी आमची विनंती आहे.