इंडोनेशियाचा अभ्यास आणि आंतरशाखीय परिषदेचे प्रयोजन

एखाद्या देशाच्या अभ्यासासाठी निरनिराळ्या शास्त्रांचे विद्वान एकत्र बोलावण्याची प्रथा आता विद्यापीठांतून रूढ झाली आहे. इतिहासकार, भाषाशास्त्रज्ञ, मानवशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ हे सर्व एका छताखाली जमतात, आपापले निबंध वाचतात आणि आपापल्या शाखेत परत जातात. अशा संमेलनाला परिषद म्हणता येईल. पण तेवढ्याने ती आंतरशाखीय ठरत नाही. एका शाखेच्या पुराव्यामुळे दुसऱ्या शाखेतील निष्कर्ष बदलावा लागला, तरच त्या विशेषणाला अर्थ येतो. असे प्रसंग इंडोनेशियाच्या अभ्यासात इतके वारंवार आले आहेत की, या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या अडचणी समजून घेण्यास याहून योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल.

याचे कारण त्या देशाच्या स्वरूपातच आहे. सतरा हजारांहून अधिक बेटे आणि सातशेहून अधिक भाषा असलेल्या या प्रदेशाच्या इतिहासाची साधने संस्कृत, जुनी मलय, जुनी जावानी, चिनी, अरबी, तमिळ, पोर्तुगीज व डच अशा अनेक भाषांत विखुरलेली आहेत. ही सर्व साधने एकट्याने हाताळू शकेल असा अभ्यासक मिळणे कठीण. सहकार्य ही येथे केवळ सौजन्याची बाब नसून गरजेची बाब आहे.

१. श्रीविजयाचा शोध

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे श्रीविजयाचे राज्य. सातव्या शतकापासून सुमारे सहाशे वर्षे मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ज्याचा प्रभाव होता, ते हे राज्य विसाव्या शतकाच्या आरंभी विद्वानांना राज्य म्हणून ठाऊकच नव्हते. बांका बेटावरील कोटा कापूर येथील शिलालेखाचे वाचन डच संस्कृतज्ञ हेन्द्रिक केर्न यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी ‘श्रीविजय’ हे एका राजाचे नाव मानले. चिनी ग्रंथांतील ‘शि-ली-फो-शी’ आणि ‘सान-फो-ची’ ही नावे चीनविद्येच्या अभ्यासकांना परिचित होती. चोळांच्या लेखांतील श्रीविजयाचा उल्लेख दक्षिण भारताच्या पुराभिलेखांत नोंदला गेला होता. पुरावा अशा प्रकारे तीन कपाटांत पडून होता. ती तिन्ही कपाटे एकदम उघडण्याचे काम १९१८ मध्ये जॉर्ज सेदेस यांनी केले. ही सर्व नावे एकाच राज्याची आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. या शोधासाठी नवे उत्खनन झाले नव्हते. वेगवेगळ्या शाखांना आधीपासून जे माहीत होते, त्याची सांगड घालण्यातूनच तो निष्पन्न झाला.

दोन वर्षांनी, १९२० मध्ये, पालेम्बांगजवळ केदुकान बुकित येथे सापडलेल्या लेखाने या मताला बळकटी दिली. हा लेख जुन्या मलय भाषेत असून त्याची लिपी पल्लव वळणाची आहे, आणि त्याचा काल इ. स. ६८२–८३ च्या सुमाराचा आहे. त्यातील वर्षगणना शक संवताची आहे. महाराष्ट्रातील पंचांगात जो शक आजही लिहिला जातो, त्याच शकाने सुमात्रातील एका नौकायात्रेची तिथी निश्चित झाली आहे.

याच लेखात भाषाशास्त्राचे महत्त्व पटवून देणारा एक शब्द आहे. राजाबरोबर ‘दोन लक्ष’ सैन्य होते, असे तेथे म्हटले आहे. केवळ संस्कृत जाणणारा वाचक येथे सहजच दोन लाखांची सेना कल्पील. परंतु मलय भाषेत ‘लक्ष’ या शब्दाचा अर्थ दहा हजार असा आहे. म्हणून विद्वान ही संख्या वीस हजार अशी लावतात. त्या काळच्या एका बंदराची लोकसंख्या, तिचे धान्य, तिच्या नौका यांविषयीचा प्रत्येक अंदाज या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. भाषाशास्त्रज्ञाला न विचारता पुढे गेलेला इतिहासकार येथे दहापटीने चुकला असता.

पुरातत्त्वाची साक्ष मात्र बराच काळ प्रतिकूल होती. ६७१ मध्ये चीनमधून निघालेला भिक्षू इत्सिंग याने या नगरात राहून संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला आणि तेथे हजाराहून अधिक बौद्ध भिक्षू असल्याचे लिहून ठेवले. असे नगर असेल तर त्याचे अवशेष कोठे आहेत? १९७४ मध्ये पालेम्बांग येथे झालेल्या पाहणीत त्या काळच्या वस्तीचा मागमूस लागला नाही, आणि श्रीविजयाची राजधानी तेथे होती की नाही, हाच प्रश्न उपस्थित झाला. पुढे १९८० नंतरच्या काळात पिएर-ईव्ह मांगें आणि त्यांचे इंडोनेशियन सहकारी यांनी नदीकाठच्या भूमीची अधिक बारकाईने तपासणी केली, तेव्हा आठव्या ते दहाव्या शतकांतील चिनी मातीची भांडी आणि वस्तीच्या खुणा मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. मूसी नदीच्या काठी लोक लाकडी खांबांवरील घरांत आणि तराफ्यांवर राहत. अशी वस्ती दगडी पाया मागे ठेवीत नाही, आणि जे उरते ते नदीच्या गाळाखाली जाते. दगडी मंदिरांची सवय असलेली दृष्टी लाकडाच्या नगराकडे वळवावी लागली, तेव्हा कोठे अवशेष दिसू लागले.

२. ‘बृहत्तर भारत’ आणि स्थानिक पुढाकार

भारतीय विद्यार्थ्याने विशेष लक्ष द्यावे असा प्रश्न यापुढचा आहे. इंडोनेशियात संस्कृत लेख, शिव-विष्णूंची मंदिरे, रामायण-महाभारताच्या कथा आढळतात. त्या तेथे कशा पोहोचल्या? १९२६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’भोवतीच्या विद्वानांनी या अभ्यासाला मोठी चालना दिली. रमेशचंद्र मजुमदार यांचा ‘सुवर्णद्वीप’ हा ग्रंथ त्या परंपरेतील महत्त्वाचा ग्रंथ होय. परकीय सत्तेखाली असलेल्या देशाला आपल्या पूर्वजांच्या सागरी पराक्रमाचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक होते. परंतु ‘वसाहत’ हा शब्द त्या लेखनात अनेकदा पुराव्याच्या पुढे धावला.

याला प्रथम जोरदार हरकत घेतली ती संस्कृतज्ञाने नव्हे, तर आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने. जे. सी. फान ल्यूर यांनी १९३४ च्या आपल्या प्रबंधात आशियाई व्यापाराची रचना समाजशास्त्राच्या कल्पनांच्या साहाय्याने तपासली. फेरीवाल्या व्यापाऱ्यांकडून यज्ञविधी आणि राजनीती यांचा प्रसार होणे संभवनीय नाही. स्थानिक राजांनीच आपली सत्ता प्रतिष्ठित करण्यासाठी ब्राह्मणांना पाचारण केले असावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९४६ मध्ये एफ. डी. के. बॉश यांनी शिलालेख आणि शिल्प यांच्या आधारे क्षत्रियविजयाच्या कल्पनेवर टीका केली. दोन वेगळ्या शाखांतून निघालेले हे मार्ग अशा रीतीने जवळ आले.

पूर्व कालिमंतानमधील कुताई येथील यूपलेख या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहेत. सुमारे इ. स. ४०० च्या या संस्कृत लेखांत मूलवर्मा राजाने ब्राह्मणांना दिलेल्या दानांची नोंद आहे. मूलवर्म्याचा पिता अश्ववर्मा, आणि आजोबा कुंडुंग. अश्ववर्म्याला लेखात वंशकर्ता म्हटले आहे. पहिल्या पिढीचे नाव संस्कृत वाटत नाही, पुढील दोन पिढ्यांची नावे मात्र शुद्ध संस्कृत आहेत. कुंडुंग हे कौंडिण्याचे रूप असावे, असेही काहींनी सुचविले आहे. तथापि अनेक अभ्यासक त्या नावात स्थानिक सरदारघराण्याची खूण पाहतात. तसे असेल तर नवे नाव, नवे विधी आणि नवी लिपी यांचा स्वीकार हा त्या घराण्याचा स्वतःचा निर्णय ठरतो.

शब्दांचा प्रवासही हेच सांगतो. मराठीतील ‘चिंता’ इंडोनेशियन भाषेत ‘प्रेम’ या अर्थी आहे. ‘संसार’ या शब्दापासून आलेला ‘संगसारा’ दुःख-हालअपेष्टांचा वाचक आहे. ‘उपवासा’चा ‘पुआसा’ झाला असून रमजानच्या रोज्यांना तोच शब्द लावतात. ‘नगर’ या शब्दाला ‘राष्ट्र’ हा अर्थ आला आहे. आणि स्वातंत्र्याच्या घोषणेतील ‘मर्देका’ या शब्दाचे मूळ ‘महर्द्धिक’ या संस्कृत शब्दात शोधले जाते. मराठी वाचकाला हे शब्द ओळखीचे वाटतात, आणि त्यातच धोका आहे. शब्द उसना घेतला म्हणजे अर्थही जसाच्या तसा आला असे होत नाही. घेणाऱ्याने त्याचे काय केले, हे पाहणे हाच खरा अभ्यास होय.

३. सिद्धांत आणि शेत

शाखांची गाठ पडते तेव्हा नेहमीच एकमत होते असे नाही. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन अभ्यासकांच्या एका गटाने पूर्व जावातील एका गावात राहून संशोधन केले. त्यांतील क्लिफर्ड गीर्ट्झ यांचा जावातील शेतीवरील ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८३० पासून डच सरकारने सक्तीची पीकपद्धती लादली. ऊस आणि भात एकाच जमिनीवर आलटून पालटून येऊ लागले. पाटाच्या पाण्यावरील भातशेती वाढत्या माणसांना सामावून घेत गेली. त्यामुळे उत्पन्न माणशी न वाढता दारिद्र्य सर्वांत वाटले गेले, असा त्यांचा थोडक्यात सिद्धांत. परिस्थितिविज्ञान, इतिहास आणि मानवशास्त्र यांचा असा मिलाफ पूर्वी क्वचितच दिसला होता.

पुढील दोन दशकांत डच दफ्तरे तपासणारे इतिहासकार आणि गावोगाव कष्टाचे तास व जमिनीचे वाटे मोजणारे अभ्यासक पुढे आले. बेंजामिन व्हाइट यांच्यासारख्यांनी दाखविले की, जावाच्या खेड्यात जमीनवाला आणि भूमिहीन हा भेद जुना व तीव्र होता. आणि गरीब कुटुंबे केवळ भातावर नव्हे, तर मजुरी, लहानसहान व्यापार व हस्तव्यवसाय अशा अनेक कामांवर जगत होती. हा वाद केवळ विद्वत्तेचा नव्हता. दारिद्र्य सर्वांत सारखे वाटलेले आहे असे मानले, तर भूमिहीनाचा वेगळा प्रश्नच उरत नाही, आणि शेतीसुधारणेचा लाभ कोणाच्या पदरात पडतो हे विचारण्याचीही गरज भासत नाही. आकर्षक सिद्धांताची परीक्षा दुसऱ्या शाखेने करावी, हे येथे ज्ञानाइतकेच न्यायाच्याही दृष्टीने आवश्यक होते.

४. अभ्यास कोणाचा?

इंडोनेशियाच्या अभ्यासाची जुनी केंद्रे देशाबाहेर किंवा परकीयांच्या हाती होती. बटाव्हियाची विद्वत्सभा १७७८ ची, नेदरलंड्समधील राजकीय संस्था १८५१ ची. १३६५ मधील ‘नागरकृतागम’ या काव्याची पोथी १८९४ च्या लोंबोक मोहिमेत डचांच्या हाती लागली आणि पुढे अनेक दशके लायडनला राहिली. अशा परिस्थितीत स्वतंत्र राष्ट्राने आपला इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न डिसेंबर १९५७ मध्ये योग्यकर्ता येथे भरलेल्या राष्ट्रीय इतिहास परिसंवादात पुढे आला. इतिहासाची मांडणी राष्ट्रीय ध्येयाच्या पायावर व्हावी, असा मुहम्मद यामीन यांचा आग्रह. राष्ट्रवादाच्या गरजेपोटी शास्त्रीय चिकित्सा सोडता कामा नये, असे सुजात्मोको यांचे म्हणणे. त्याच महिन्यात देशातील डच उद्योग ताब्यात घेतले जात होते. म्हणजे वातावरण शांत चर्चेचे नव्हते. तरीही प्रश्न नेमका मांडला गेला.

त्याचे एक उत्तर १९६६ मध्ये सार्तोनो कार्तोदिर्जो यांच्या प्रबंधाने दिले. १८८८ मध्ये बांतेन येथे झालेल्या शेतकऱ्यांच्या बंडाचा अभ्यास करताना त्यांनी साधने वापरली ती बव्हंशी डच अधिकाऱ्यांचीच; परंतु प्रश्न विचारले ते समाजशास्त्राचे व मानवशास्त्राचे. कर, गुरांची साथ, १८८३ चा क्राकाताऊचा स्फोट, सूफी पंथांचे जाळे, गावच्या धर्मगुरूंचा अधिकार या सर्वांचा मेळ घालून त्यांनी दफ्तरात ‘धर्मवेडे’ म्हणून नोंदलेल्या माणसांना इतिहासात स्थान दिले. राज्यकर्त्यांचे कागदही नव्या प्रश्नांपुढे वेगळे बोलू लागतात, हे यावरून स्पष्ट होते.

अडथळे केवळ साधनांचे नसतात. १९६५–६६ च्या हत्याकांडानंतर त्या विषयावरील मुक्त संशोधन देशात दीर्घकाळ अशक्य झाले. कॉर्नेल विद्यापीठातील बेनेडिक्ट अँडरसन यांना १९७२ पासून १९९८ पर्यंत इंडोनेशियात प्रवेश नाकारण्यात आला. परिषदेत कोणता निबंध वाचला गेला, याइतकेच कोणता वाचता आला नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. उलट बाजूने पाहता, २०२३ मध्ये नेदरलंड्सने ४७२ वस्तू इंडोनेशियाला परत केल्या. त्यांत लोंबोकचा खजिना आणि सिंगसारीची शिल्पे होती. साधनांचे स्थान बदलले की अभ्यासाचे केंद्रही हळूहळू बदलते.

५. परिषदेची रचना

वरील उदाहरणांतून परिषदेच्या रचनेविषयी काही गोष्टी निष्पन्न होतात. सत्रांची विभागणी शाखांनुसार न करता प्रश्नांनुसार करणे हितावह असते. ‘पुरातत्त्व’ असे सत्र ठेवल्यास तेथे पुरातत्त्वज्ञच येतील. ‘बंदर आणि त्याचा मागील प्रदेश’ असे ठेवल्यास पुराभिलेखज्ञ, भूगोलज्ञ व व्यापाराचा इतिहासकार यांना एकमेकांचे ऐकावे लागते. निबंध अगोदर वाटून त्यावरील पहिली चर्चा दुसऱ्या शाखेच्या व्यक्तीकडे सोपविणे, हा दुसरा उपाय. तिसरी गोष्ट पुराव्याच्या प्रतीची. प्रत्येक वक्त्याने आपल्या साधनातून काय सिद्ध होते आणि काय केवळ सूचित होते, हे अन्य शाखेच्या श्रोत्याला कळेल अशा शब्दांत सांगितले पाहिजे. कारण एका शाखेतील तात्पुरते अनुमान दुसऱ्या शाखेत जाऊन सिद्ध वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे इंडोनेशियन भाषेचे ज्ञान. त्या भाषेत आज होणारे संशोधन न वाचता केवळ इंग्रजी व डच ग्रंथांवर विसंबणे, म्हणजे यजमानाला वगळून त्याच्या घराविषयी चर्चा करणे होय.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत संस्कृत, पाली, पुराभिलेखविद्या व पुरातत्त्व यांच्या अध्यापनाची परंपरा आहे. हे भांडवल या क्षेत्रात मोलाचे आहे. मात्र त्याला जुनी जावानी आणि आधुनिक इंडोनेशियन यांची जोड मिळाली नाही, तर त्या विद्यार्थ्याला जावामध्ये भारताचे प्रतिबिंब तेवढे दिसत राहील, जावा दिसणार नाही. ‘लक्ष’ म्हणजे किती, हे सुमात्राच्या भाषेला विचारण्याची तयारी ही या अभ्यासाची पहिली अट आहे.