सहा डॉलरांचा सोन्याचा हात

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम थोडे आणि हाताचे फार. चेंडूही गोल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. शंभर यार्डांचे मैदान, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर गाद्या, आणि इशारा होताच एकमेकांवर तुटून पडणारी ती आडदांड माणसे! प्रथम पाहणाऱ्याला ही सारी झोंबाझोंबीच वाटते. मलाही तशीच वाटली होती. पण चार वेळा पाहिले की ध्यानात येते, या दंगलीच्या मधोमध एक माणूस मान वर करून शांतपणे दूरवर पाहत उभा असतो. त्याला म्हणतात क्वार्टरबॅक.

खेळाचे मूळ गणित सोपे आहे. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. गेला, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही गेला, तर चेंडू प्रतिपक्षाकडे. असे रेटत रेटत शेवटची रेषा ओलांडली की झाला ‘टचडाउन’, त्याचे गुण सहा. चेंडू लाथेने दोन खांबांच्या मधून धाडला तर तीन. प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी येतो तो क्वार्टरबॅकच्या हाती. तो पळणाऱ्या गड्याच्या हाती द्यायचा, की दूरवर धावणाऱ्या साथीदाराकडे फेकायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे, आणि तेही अडीच-अडीच मणांची माणसे अंगावर धावून येत असताना! आज डावाचा हुकूम प्रशिक्षकाकडून शिरस्त्राणातल्या यंत्रातून थेट कानात येतो. पण मी ज्याची हकीगत सांगणार आहे, तो जॉनी युनायटस आपले बहुतेक डाव मैदानावर स्वतःच ठरवी.

कोळसेवाल्याचा मुलगा

युनायटसचा जन्म ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्ग येथे झाला. पोलादाच्या भट्ट्यांचे आणि कोळशाच्या धुराचे ते गाव. घराणे मूळ लिथुआनियातून आलेले. वडिलांचा घरोघर कोळसा पोहोचवण्याचा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना ते वारले आणि चार मुलांचा संसार आईच्या अंगावर पडला. त्या बाईने हाय खाल्ली नाही. कोळशाचा धंदा चालू ठेवला, पडेल ते काम केले, रात्रशाळेत जाऊन हिशेबनिशी शिकली आणि मुलांना वाढवले. आपल्याकडे अशा आया घरोघर आहेत. त्यांना पिट्सबर्गच्या या विधवेची निराळी ओळख करून द्यायला नको.

सेंट जस्टिन्स नावाच्या लहानशा कॅथलिक शाळेत हा मुलगा फुटबॉल खेळू लागला. आपण क्वार्टरबॅक व्हायचे, आणि नोटर डेम या नामांकित विद्यापीठाकडून खेळायचे, हे त्याचे स्वप्न. नोटर डेमने त्याची परीक्षा घेतली, आणि अंगाने फार किरकोळ म्हणून परत पाठवले. गावातल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली, तर पठ्ठ्या प्रवेशपरीक्षेतच नापास! एकीकडे वजनकाटा आडवा आला, दुसरीकडे उत्तरपत्रिका. अखेर केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाने १९५१ साली त्याला पदरात घेतले. त्या वेळी फुटबॉलच्या जगात लुईव्हिलचे नाव कोणी फारसे घेत नसे.

पहिल्याच वर्षी सेंट बोनाव्हेंचरविरुद्ध हरत आलेल्या सामन्यात त्याला मैदानात उतरवले. त्याच्या ओळीने अकरा फेकी साथीदारांनी झेलल्या आणि त्यांतून तीन टचडाउन झाले. सामना मात्र एका गुणाने गेला. पुढे विद्यापीठाने खेळांवरचा खर्च आखडता घेतला, शिष्यवृत्त्या कमी झाल्या, चांगले गडी निघून गेले. युनायटस राहिला. चढाईतही तोच आणि बचावातही तोच, असे दिवस त्याने काढले. दुबळ्या संघात मोठेपणा दिसत नाही हे खरे. पण घाव सोसण्याची विद्या तिथेच चांगली शिकता येते.

दहा डॉलर बसभाडे

१९५५ साली धंदेवाईक संघांनी महाविद्यालयीन खेळाडूंची वाटणी केली, तेव्हा नवव्या फेरीत, एकशे दोनाव्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला निवडले. आपलेच गाव, आपलाच संघ! पण स्टीलर्सकडे क्वार्टरबॅक चार होते आणि जागा तीन. सरावाच्या सामन्यांत त्याला एक डावसुद्धा खेळू न देता प्रशिक्षक वॉल्ट कीस्लिंग यांनी घरी पाठवले. एवढे डाव ध्यानात ठेवण्याइतके या पोराचे डोके चालणार नाही, असे त्यांचे मत होते म्हणतात. पुढे सारी अमेरिका ज्याला या खेळातले तल्लख डोके म्हणून ओळखू लागली, त्याच्याविषयीचे हे मत!

संघाने त्याच्या हातावर घरी जाण्यासाठी दहा डॉलर बसभाडे ठेवले. लग्न झालेले होते, घरी बायको गरोदर होती. त्याने ते दहा डॉलर खिशात जपून ठेवले आणि रस्त्यावरच्या मोटारींना हात दाखवत, कोणी नेईल तसे गाव गाठले.

मग बांधकामावर खांब ठोकणाऱ्या टोळीत त्याने काम धरले. आठवड्याचे दिवस मजुरी करावी आणि उरल्या वेळी ‘ब्लूमफील्ड रॅम्स’ या गल्लीतल्या संघातून खेळावे. मैदान कसले, दगडगोट्यांचे आणि काचांचे माळरानच ते. एका सामन्याचे सहा डॉलर मिळत. सहा डॉलरांसाठी हातपाय मोडून घेण्याचा हा उद्योग व्यवहारी माणसाला वेडेपणाच वाटेल. घरच्यांनाही तो तसा वाटला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पण हात चालता राहिला पाहिजे, एवढेच त्याच्या मनात होते.

१९५६ च्या आरंभी बाल्टिमोर कोल्ट्सचे व्यवस्थापक डॉन केलेट यांचा फोन आला. त्यांना हाताशी एक राखीव क्वार्टरबॅक हवा होता. प्रशिक्षक वीब यूबँक यांनी त्याची चाचणी घेतली आणि सात हजार डॉलरांचा करार झाला. तोही संघात टिकला तरच!

दुसऱ्याचा गुडघा

टिकायचे म्हणजे बाकावर बसायचे. कारण संघाचा खरा क्वार्टरबॅक होता जॉर्ज शॉ. हा शॉ १९५५ च्या त्याच वाटणीत साऱ्या खेळाडूंमधून पहिल्या क्रमांकाने उचललेला. एक पहिला, दुसरा एकशे दोनावा. ऑक्टोबर १९५६ मध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध शॉचा गुडघा दुखावला आणि युनायटसला मैदानावर धाडण्यात आले.

या ठिकाणी कथाकाराने नायकाकडून चमत्कार घडवला असता. प्रत्यक्षात काय झाले? युनायटसची पहिलीच फेक प्रतिपक्षाने अडवली आणि तो चेंडू घेऊन त्यांच्या गड्याने थेट टचडाउन केला! त्यानंतर हातातून चेंडू निसटले ते वेगळेच. बाल्टिमोर ५८-२७ असे सपाटून हरले. पण दुसरा क्वार्टरबॅक आणायचा कुठून? पुढच्या सामन्यालाही तोच उतरला, आणि मग ती जागा त्याने सोडली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून १९६० च्या डिसेंबरपर्यंत ओळीने ४७ सामन्यांत एकही असा गेला नाही, ज्यात त्याच्या फेकीवर टचडाउन झाला नाही. हा विक्रम मोडायला २०१२ साल उजाडावे लागले. ड्रू ब्रीझने तो मोडला, तेव्हा मधे बावन्न वर्षे गेली होती.

दर वर्षी प्रवेशाच्या याद्या लावणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराने ही एकशे दोनाव्या क्रमांकाची गोष्ट भिंतीवर टांगून ठेवावी अशी आहे. यादी खोटी नसते, पण ती त्या दिवसापुरती खरी असते. यादी करणाऱ्याला वजन दिसते, उंची दिसते, गुण दिसतात. सराव संपून सारे घरी गेल्यावर कोण मैदानात थांबतो, हे यादीत कुठून येणार?

आणि युनायटस थांबत असे. सोबत असे रेमंड बेरी. बेरीची दृष्टी अधू, आणि निवडीतला नंबर विसाव्या फेरीतला! रोजचा सराव झाला की हे दोघे राहत. एकाने ठरावीक पावले पळून ठरावीक जागी वळायचे, आणि तो वळण्याआधीच दुसऱ्याने त्या जागी चेंडू सोडायचा. हे शेकडो वेळा. वाद्यांची जुळणी व्हावी तशी त्या दोघांची जुळणी झाली होती.

तो एक रविवार

तिचे फळ २८ डिसेंबर १९५८ रोजी मिळाले. त्याच मोसमात नोव्हेंबरमध्ये युनायटसच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या; दोन सामने हुकले, आणि तो परतला तो छातीभोवती खास बनवलेले कवच बांधून. आता न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये अजिंक्यपदाचा सामना होता. समोर न्यूयॉर्क जायंट्स, भोवती चौसष्ट हजार प्रेक्षक, आणि देशभर टेलिव्हिजनपुढे कोट्यवधी लोक.

सामन्याची जेमतेम दोन मिनिटे उरली असताना जायंट्स १७-१४ असे पुढे होते. चेंडू बाल्टिमोरकडे, पण पार मागे, स्वतःच्या चौदा यार्डांच्या रेषेवर. युनायटसने फेकायला सुरुवात केली. बेरीकडे पंचवीस यार्ड; पुन्हा बेरीकडे पंधरा; पुन्हा बेरीकडेच बावीस! तीन फेकींत बासष्ट यार्ड तुटले. घड्याळात सात सेकंद असताना स्टीव्ह मायराने चेंडू खांबांमधून धाडला आणि सामना १७-१७ असा बरोबरीत आला.

अजिंक्यपदाच्या लढतीत ‘जो आधी गुण करील तो जिंकला’ अशा जादा वेळेची पाळी प्रथमच आली होती. जायंट्सना काही साधले नाही. मग युनायटसने ऐंशी यार्डांची मजल तेरा डावांत गाठली. अगदी दाराशी आल्यावर तीन गुणांची लाथ पुरेशी होती, धोका कशाला? पण त्याने जिम मचलरकडे कडेच्या रेषेलगत फेक केली. ती अडवली गेली असती तर सारेच मुसळ केरात! ती झेलली गेली, चेंडू एका यार्डावर आला, आणि पुढच्या डावात ॲलन अमीची तो घेऊन आत घुसला. बाल्टिमोर २३, न्यूयॉर्क १७. नंतर बातमीदारांनी त्या धोक्याविषयी विचारले, तेव्हा, आपण काय करतो आहोत हे ठाऊक असले म्हणजे फेक अडवली जात नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले.

त्या सामन्याच्या चित्रफितीचे उरलेसुरले तुकडे मी पाहिले आहेत. अखेरचा गडी रेषेपलीकडे पडतो, गर्दी मैदानात घुसते, आणि १९ क्रमांकाचा माणूस पाठ फिरवून चालू लागतो. ऑफिस सुटल्यावर घरी निघावे, तितका शांतपणे! त्या संध्याकाळी एड सलिव्हनच्या गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी त्याला सातशे डॉलर देऊ केले होते. त्याने ते नाकारले आणि संघाबरोबर विमानाने घर गाठले. सहा डॉलरांसाठी काचांवर पडणारा हा माणूस पैशासाठी खेळत नव्हता, हे त्या दिवशी कळायला हरकत नव्हती.

हाताची किंमत

पुढचे वैभव थोडक्यात सांगतो. १९५९ मध्ये पुन्हा अजिंक्यपद. १९५९, १९६४ आणि १९६७ अशी तीनदा सर्वश्रेष्ठ खेळाडूची निवड. चाळीस हजार यार्डांपलीकडे फेक करणारा तो पहिला. एकूण ४०,२३९ यार्ड, म्हणजे जवळजवळ सदतीस किलोमीटर, आणि २९० टचडाउन. लोक त्याच्या हाताला ‘सोन्याचा हात’ म्हणू लागले.

पण १९६८ च्या मोसमाच्या तोंडावरच तो हात कोपराशी दुखावला. त्याच्या जागी अर्ल मॉरल आला, आणि शॉच्या गुडघ्याने जे युनायटसला दिले, ते युनायटसच्या कोपराने मॉरलला दिले. मॉरल त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला! जानेवारी १९६९ च्या सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सने बाल्टिमोरला १६-७ असे हरवले. जेट्सचे प्रशिक्षक कोण? तर तेच वीब यूबँक! दुखरा हात घेऊन युनायटस उशिरा उतरला आणि संघाचा एकुलता एक टचडाउन त्याच्या हातून साधला गेला. दोन वर्षांनी बाल्टिमोरने सुपर बोल जिंकला, त्या सामन्यातही तो जखमी होऊन बाहेर पडला आणि मॉरलनेच शेवट केला. १९७३ मध्ये बाल्टिमोरने त्याला सॅन डिएगोला विकले, आणि १९७४ मध्ये, अठरा मोसमांनंतर, त्याने खेळ सोडला. १९७९ साली या खेळाच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याचे नाव लागले.

त्यानंतरची हकीगत मात्र कुठल्याही विजयफलकावर लिहिलेली नाही. वाढत्या वयाबरोबर तो उजवा हात निकामी होत गेला. बोटे मिटेनात. गोल्फ खेळायचा तर काठी हाताला पट्टीने बांधून घ्यावी लागे. दोन्ही गुडघे कृत्रिम बसवले होते. खेळाने आलेल्या अपंगत्वाबद्दल त्याने भत्ता मागितला, तेव्हा त्याचे प्रकरण नियमात बसत नाही, असे उत्तर मिळाले. ज्या खेळाला त्या एका रविवारने घरोघरी पोहोचवले, त्या खेळाच्या खजिन्यात या हातासाठी जागा निघाली नाही.

आपल्याला अशा वेळी एकलव्य आठवतो. पण एकलव्याचा अंगठा एका घटकेत गेला, आणि तो कोणी मागून घेतला हे जगाला ठाऊक आहे. युनायटसची गुरुदक्षिणा अठरा वर्षे हप्त्याहप्त्याने वसूल होत होती, आणि प्रत्येक हप्त्याला प्रेक्षक टाळ्या वाजवत होते.

१९८४ च्या मार्चमध्ये एका रात्री मालकाने कोल्ट्सचे सारे सामान ट्रकांत भरून संघ इंडियानापोलिसला हलवला. युनायटसने त्या संघाशी नाते ठेवले नाही. आपण बाल्टिमोरचे, एवढेच तो सांगत राहिला. ११ सप्टेंबर २००२ रोजी व्यायाम करत असताना हृदयविकाराने तो गेला. वय एकोणसत्तर.

बाल्टिमोरच्या आजच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. चेंडू फेकण्यासाठी उजवा हात मागे नेलेला, नजर दूरवर. सामन्याला येणारे लोक जाता जाता त्याच्या बुटाला हात लावतात. हातापर्यंत कोणाचाच हात पोहोचत नाही.