थकव्याचा जमाखर्च

स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रात विखुरलेल्या ऑर्कनी बेटांवर मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीचे प्रमाण जगात सर्वाधिक आढळले आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते दर लाख वस्तीमागे ४०२ इतके भरले. शरीराची संरक्षक यंत्रणाच मेंदू आणि मेरुरज्जू यांतील तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन कुरतडू लागते, संदेशांचे वहन मंदावते वा खुंटते, आणि १८६८ साली पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी जिचे प्रथम सांगोपांग वर्णन केले ती ही व्याधी बहुधा ऐन उमेदीच्या वयात माणसाला गाठते. तोल, दृष्टी, पायांतले बळ यांची हानी इतरांच्या ध्यानात येते. थकवा मात्र कोणाला दिसत नाही, आणि अनेक रुग्णांना सर्वांत अधिक जाच त्याचाच होतो.

या थकव्यावर विश्रांती हाच इलाज, अशी वैद्यकाची दीर्घकाळ धारणा होती आणि तिला सबबही होती. श्रमानंतर अशा रुग्णांची दृष्टी काही काळ मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य ऊथोफ यांनी १८९० साली नोंदविले. पुढे उमगले की दोष श्रमाचा नसून त्याने वाढणाऱ्या उष्णतेचा आहे. वेष्टन गमावलेल्या तंतूतून संदेश आधीच जेमतेम पार पडत असल्याने शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने चढले तरी तो वाटेत अडतो, आणि अंग निवले की पूर्ववत वाहू लागतो. ही तात्पुरती अडचण कायमची इजा मानली गेली, आणि निव्वळ करुणेपोटी दिलेल्या त्या सल्ल्याने किती जणांचे स्नायू बसल्या जागी क्षीण झाले असतील, या विचाराने मन विषण्ण होते. १९९६ साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात पेटाजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांपैकी काहींना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी चालवायच्या सायकलयंत्रावर व्यायाम दिला, तेव्हा त्यांचा दम आणि बळ वाढलेले दिसले आणि ती जुनी मनाई ढासळू लागली.

मनाई उठली, तरी वाट मोकळी झाली नाही. ज्याच्यापाशी दिवसाकाठी शक्तीचे मोजकेच भांडवल, त्याने ते बसची वाट पाहण्यात आणि चढण्या-उतरण्यात खर्ची घातल्यावर उपचारकेंद्राच्या दारात पोहोचेपर्यंत गाठीशी शिल्लक ती काय उरणार? ग्लासगोच्या लॉर्ना पॉल यांच्या गटाने काढलेली तजवीज मला म्हणूनच मोलाची वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अवघे ३० रुग्ण होते. त्यांतील निम्म्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, संकेतस्थळावरील चित्रफिती पाहून घरच्या घरी व्यायाम केला.

अशा गृहव्यायामाला सामग्री फारशी लागत नाही. खुर्ची भिंतीला टेकवायची, पावले जरा मागे घ्यायची, हातांचा आधार न घेता पुढे झुकून उठायचे, क्षणभर स्थिर राहायचे आणि धपकन न बसता, मांड्यांवर भार तोलीत सावकाश खाली यायचे; खिडकी उघडी, जवळ गार पाण्याचा पेला, आणि अंग तापले की थांबण्याची मुभा. ग्लासगोत रुग्ण आपला व्यायाम रोजनिशीत नोंदवीत, आणि फिजिओथेरपिस्ट दर आठवड्यास ती नोंद दुरून तपासून आवश्यक ते फेरफार करीत.

२५ फूट चालण्याच्या वेगात दोन्ही गटांत निर्णायक अंतर पडले नाही, हे सांगितलेच पाहिजे. इतक्या लहान प्रयोगावरून अनुकूल वा प्रतिकूल निवाडा करणे उचित नव्हे. मात्र या योजनेचा प्राण चित्रफितीत नसून त्या साप्ताहिक तपासणीत आहे, असे माझे मत आहे. चित्रफीत सर्वांना एकच सांगते. ‘डावा पाय आज जड’ अशी एखादी ओळ वाचणारा जाणकार मात्र खुर्चीवरून दहाऐवजी सहाच वेळा उठण्याचे ठरवून देतो, आणि पुढच्या खेपेस संगणक उघडल्यावर रुग्णाला तो बदललेला आकडा समोर दिसतो.