तेल गेलं कुठे?

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात गेलात तर ढोल-ताशांच्या गजरातही एक आवाज वेगळा ऐकू येतो. डग्-डग्-डग्-डग्! नऊवारी नेसलेल्या, डोक्याला फेटा बांधलेल्या मुली आणि बायका बुलेटवर बसून शोभायात्रेत निघालेल्या असतात. तुम्ही पाहिल्या असतीलच, निदान वर्तमानपत्रातल्या फोटोत तरी.

माझ्या मामेबहिणीलाही त्यात जायचं होतं. लायसन्स नुकतंच हातात पडलेलं! मामाची बुलेट लालबागला, चाळीच्या जिन्याखाली, ताडपत्री पांघरून उभी असते. वयाने आम्हा दोघींपेक्षा मोठी. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मामाने ताडपत्री काढली आणि इंजिनच्या तेलाचं झाकण फिरवून वर उचललं. झाकणालाच एक पट्टी असते, तिच्यावर तेल कुठवर हवं त्याची खूण असते. पट्टी जवळजवळ कोरडी!

मामेबहिणीचा चेहरा उतरला. शेजारचे काका म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं? कोपऱ्यावरनं दोन लिटर आणा नि ओता." मी तर पिशवी घेऊन उठलेच. पण मामा म्हणजे परळच्या रेल्वे वर्कशॉपात आयुष्य काढलेला माणूस. त्याने इंजिनखाली अंथरलेला पुठ्ठा ओढला आणि दिव्याखाली धरला. त्यावर रुपयाएवढे चार-पाच डाग.

"एवढं तेल गळलं असतं तर पुठ्ठ्याचा लगदा झाला असता," तो म्हणाला. "तेल बाहेर गेलेलं नाही. मग गेलं कुठे?"

मुलांनो, तुम्हीही जरा डोकं चालवा बरं. मी एक खूण सांगते. चाळीत पाणी कसं येतं? खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मध्ये पंप. जुन्या बुलेटच्या इंजिनात असाच संसार आहे, फक्त पंप दोन आहेत. तेलाची टाकी इंजिनच्या पोटातच, मागच्या बाजूला. पहिला पंप टाकीतलं तेल गाळणीतून ओढतो आणि फिरणाऱ्या भागांना पाजतो; अगदी वर, डोक्यावरच्या रॉकरपर्यंत. तिथून तेल ठिबकत तळाशी उतरतं. दुसरा पंप ते तळातून उचलून पुन्हा टाकीत टाकतो. हा दुसरा मुद्दामच जास्त ताकदीचा असतो, म्हणजे तळात तेल साचत नाही. या पद्धतीला 'ड्राय संप' म्हणतात, म्हणजे कोरडा तळ.

इंजिन बंद झालं की दोन्ही पंप थांबतात. पण टाकीतलं तेल तळापेक्षा उंचावर असतं ना! गाडी महिनोन् महिने उभी राहिली आणि पंप झिजलेला असला, की त्यातून तेल थेंब थेंब खाली झिरपतं. टाकी रिकामी आणि तळ भरलेला. गच्चीवरची टाकी रात्रीत हौदात उतरावी, तसंच. अशा वेळी कुणी वरची टाकी रिकामी बघून टँकर मागवला, तर पंप सुरू झाल्यावर काय होईल? काकांचं ऐकलं असतं तर तेच झालं असतं. तळातलं सगळं तेल भरल्या टाकीत आलं असतं, जास्तीचं नळीवाटे बाहेर पडलं असतं, आणि सकाळी नऊवारीचं काही खरं नव्हतं.

मामाने तळाचा प्लग पान्याने सैल केला. खाली मामीची जुनी परात. (त्यावरून जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.) भळाभळा तेल आलं. मामाने ते दोन बोटांत चोळून पाहिलं. काळं होतं, पण त्याची भीती नसते. इंजिनातली घाण पोटात घेतली की तेल काळं होतंच. चकाकणारे कण दिसले तर धातू झिजतोय असं समजायचं. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. दोन्ही नव्हतं. तरी तेल जुनं होतं, म्हणून टाकीतलं उरलंसुरलंही काढलं, गाळणी बदलली, आणि मग मात्र नवं तेल आणलं. जुनं कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे गेलं. आपली गटारं समुद्राला मिळतात, तेव्हा तिथे तेल ओतायचं नसतं.

खरी परीक्षा पुढे होती. मामाने रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बोल्ट किंचित सैल केला आणि किक मारली. इंजिन धडधडू लागलं. नळीपाशी काहीच नाही! मामाचा हात गाडी बंद करायला तयारच होता. वर तेल पोचलं नाही तर इंजिन चालू ठेवणं म्हणजे लोखंडावर लोखंड घासणं. आम्ही श्वास रोखून उभ्या. आणि बोल्टच्या कडेने सोनेरी थेंब डोकावला! मामाने लगेच बोल्ट आवळला.

सायलेन्सरमधून आधी निळसर धूर आला. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. थंडीत दिसणारी पांढरी वाफ पाण्याची असते. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलबरोबरच जळायचं, त्यामुळे निळा धूर हा त्यांचा स्वभावच. बुलेटमध्ये तो तक्रार समजायचा. पाचेक मिनिटांत धूर विरला. दहा मिनिटांनी मामाने गाडी बंद केली, तेल निथळू दिलं आणि पट्टी बुडवली. तेल खुणेला! म्हणजे परतीचा पंप इमानाने काम करत होता.

हे इंजिन मूळचं इंग्लंडचं. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली आणि बुलेट आपल्याकडे बनू लागली. रचना मात्र कित्येक वर्षं तीच राहिली. २००८ पासून आलेल्या नव्या इंजिनांत वेगळी टाकी नाही. तेल तळातच असतं, त्यामुळे हे कोडंही नाही.

रात्री मामाने मामेबहिणीला एकच अट घातली. "मिरवणूक थांबली की इंजिन बंद करायचं, पोरी." बुलेटला पाण्याचा रेडिएटर नाही, ती वाऱ्यावर थंड होते, आणि आतली उष्णता तेल वाहून नेतं. मुंगीच्या चालीने जाताना वारा कुठला? सगळा भार तेलावर.

दुसऱ्या दिवशी ती गिरगावातून परतली तेव्हा फेटा सुटलेला, घसा बसलेला. "बाबा, अकरा वेळा बंद केली आणि अकरा वेळा किक मारली," म्हणून तिने पाय दाखवला. मामाने आधी गाडीखाली नवा पुठ्ठा सरकवला, मग पाय बघितला.