मनगटातील अरुंद वाट

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड परिसरात दिवाळीच्या मागेपुढे कापसाची वेचणी जोर धरते. आंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांच्या चिमटीने बोंडातून कापूस ओढण्याचे काम दिवसभर चालते. घरी आल्यावर भाकरी थापणे आणि धुणे पिळणे आहेच. अशा हाताला साठीनंतर रात्री मुंग्या येऊ लागल्या, की घरातच निदान होते : वय झाले, वात झाला. तेल चोळले जाते आणि विषय तेथेच थांबतो.

हा त्रास पुष्कळदा ‘कार्पल टनेल सिंड्रोम’चा असतो. मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये चिंचोळा बोगदा असतो. त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ दोऱ्या आणि त्यांच्यासोबत एक महत्त्वाची नस जाते. आतील आवरणांना सूज आली, की दाब या नसेवर येतो. म्हणून आंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. करंगळी मात्र सहसा सुटते. झोपेत मनगट दुमडलेले राहिल्याने त्रास रात्री वाढतो आणि हात झटकल्यावर उतरतो. ‘कोणत्या बोटांना मुंग्या येतात?’ हा एकच प्रश्न घरच्यांनी नीट विचारला, तरी डॉक्टरांचे काम सोपे होते.

केवळ कष्टांना दोष देऊन मात्र चालणार नाही. शेताची पायरी न चढलेल्यांनाही हा विकार होतो. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात, लठ्ठपणा, मनगटाचे जुने अस्थिभंग ही त्याची परिचित कारणे. तेव्हा रक्ततपासणी टाळू नये.

वृद्धांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष फसवी आहे. त्यांच्यात वेदना कमी असून हानी अधिक असू शकते. मुंग्यांची जागा कायमच्या बधिरतेने घेतली, की ‘आता दुखत नाही’ असे आजी सांगतात आणि घरचे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात नस थकत चाललेली असते. आंगठ्याच्या बुडाची मांसल गादी सपाट होऊ लागते, सदऱ्याची गुंडी लागत नाही, हातातून पेला निसटतो, चुलीजवळ चटका बसल्याचेही कळत नाही. सोबत राहणाऱ्यांनी दोन्ही तळवे शेजारी ठेवून ही गादी अधूनमधून पाहावी. ती उतरलेली दिसली, तर थांबण्यात अर्थ नाही.

मानेतील नस दबल्याने किंवा मधुमेहानेही हात बधिर होतो. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे. गरज पडल्यास नसेतून जाणाऱ्या विद्युतसंदेशाचा वेग मोजतात. हात एकाएकी लुळा पडला, चेहरा वाकडा झाला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रारंभी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा पुष्कळांना आराम देतो. तो किमान सहा आठवडे नेमाने बांधावा लागतो. वृद्धांना तो स्वतः बांधता येत नाही, आणि घट्ट बांधला तर सूज वाढते. हे काम घरच्यांचे. वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नाही, उलट वृद्धांच्या मूत्रपिंडांना व जठराला त्या जाचतात. मनगटात दिलेल्या स्टिरॉईडच्या इंजेक्शनाने काही आठवडे वा महिने बरे वाटते. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, हे ध्यानी असावे.

गादी झिजू लागली असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तेवढीच जागा बधिर करून तो पट्टा कापतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. मुंग्या लवकर ओसरतात. झिजलेला स्नायू मात्र हळूहळू भरतो, कधी पुरता भरतही नाही. म्हणूनच ‘वेचणी आटोपल्यावर पाहू’ हे उत्तर महागात पडते. शस्त्रक्रियेनंतर बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत, हात उशीवर उंच ठेवावा. पाण्याची बादली आणि पिळण्याचे धुणे काही आठवडे दुसऱ्या कोणीतरी उचलावे.